फ्लेमिंगो बघायचा कार्यक्रम

"ती दुर्बीण खाली ठेव आणि जरा समोर बघ," वसुंधराआत्याने कीर्तीला कोपराने ढोसलं.

समोर सत्यजीत बसला होता. पण कीर्तीला चिखलात उभ्या असलेल्या गुलाबी फ्लेमिंगोंपलीकडे काही दिसतच नव्हतं. ओहोटी लागली होती आणि हजारभर पक्षी माना खाली घालून चरत होते. आत्याला पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं. आज कीर्तीचं जमवायचंच, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

जोडून सुट्टी आली म्हणून कीर्ती पुण्याहून कामोठ्याला आत्याकडे आली होती. तिशी गाठली तरी मुलगी बघण्याचा कार्यक्रम म्हटला की ही उठून चालती व्हायची. आणि परवा तीच म्हणाली, "आत्या, खाडीत होडीतून फ्लेमिंगो बघायला जाऊ. माझ्या ऑफिसातला सत्यजीत आणि पनवेलचे त्याचे मामाही येतायत." मुलगा मामाला घेऊन येतो म्हणजे काय, हे आत्याला कोणी समजावायची गरज नव्हती. निम्म्या घराण्याची लग्नं तिनेच जमवली होती. स्वतःचं तेवढं जमलं नव्हतं, आणि पन्नाशी उलटल्यावर तो विषय आता कोणी काढतही नसे. तिने पहाटे उठून पोहे केले आणि डबा भरून होडीत आणला.

पण मामा भलतेच निघाले. मुलीला एक प्रश्न नाही, सगळे आत्यालाच. सकाळी फिरायला जाता का? गाणी कुठली ऐकता? घरी एकटीला करमतं का? घराणं पारखतायत बेटे, असं मनाशी म्हणून आत्या न कंटाळता उत्तरं देत राहिली.

"पोहे झकास झालेत," मामा पुन्हा वाढून घेत म्हणाले.

"कीर्तीनेच केलेत," आत्याने बिनदिक्कत ठोकून दिलं.

"मग तुम्हाला काय येतं?"

"मला? भांडता येतं."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना हसताना बघून आत्यालाही हसू आवरेना. तेवढ्यात सगळे फ्लेमिंगो एकदम उडाले. डोक्यावर नुसते गुलाबी पंख! आत्या भान विसरून ताडकन उभी राहिली आणि होडी गदगदा हलली.

"ओ बाय, खाली बसा! पोवता येतं का नाय तुमाला?" होडीवाला काशिराम ओरडला.

मामांनी हात धरून आत्याला खाली बसवलं. अरे देवा, हात सत्यजीतने धरायला हवा होता आणि तोही कीर्तीचा! आत्या मनातल्या मनात चरफडली. हात सोडायचं मामांच्या लक्षात आलं नाही. तिच्याही आलं नाही.

होडी धक्क्याला लागली. मामा भाच्याच्या कानात काहीतरी बोलले, भाचा कीर्तीच्या कानात बोलला. कीर्ती धावतच आत्याकडे आली.

"काय म्हणाले? पसंत?" आत्याचा जीव खालीवर होत होता.

"पसंत."

"देवा, पावलास रे!"

"आत्या, नीट ऐक. सत्यजीतचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात आहे. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या मामांना आणलं, तुझी भेट घालून द्यायला. तेही एकटेच असतात. त्यांना तू पसंत आहेस. तू नको म्हणालीस तर विषय संपला."

आत्या धक्क्याच्या पायरीवर मटकन बसली. तिकडे मामा, एकही पक्षी नव्हता अशा दिशेला दुर्बीण लावून उभे होते. आत्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अगं मेले, आधी नाही का सांगायचं?" ती बोटांच्या फटीतून म्हणाली. "माझं लाजायचं राहूनच गेलं की!"