वजनाचा आवाज

बारकीने दांडा डोक्यावरून छातीवर, छातीवरून मांड्यांवर आणि मांड्यांवरून खाली असा टप्प्याटप्प्याने उतरवला. शेवटचं वीतभर अंतर तर श्वास रोखून. चकत्या फळ्यांना टेकल्या तेव्हा कपबशी ठेवल्याइतकाच आवाज झाला.

"बारके, वजन उचलायचं असतं," सर म्हणाले. "पाळण्यात निजवायचं नसतं."

"पोरं झोपलीत, सर."

हॉलभर माणसं होती. तोफांच्या माऱ्याने सीमेकडची गावं रिकामी झाल्यापासून कुस्तीच्या मॅटवर संसार मांडले गेले होते आणि बास्केटबॉलच्या खांबांना बांधलेल्या दोऱ्यांवर कपडे वाळत होते. वजन उचलायचा चौथरा तेवढा कोपऱ्यात मोकळा राहिला होता. माणसं आली त्या दिवशी बारकीने सवयीने दांडा वरूनच सोडून दिला होता. सगळेच लिफ्टर सोडतात, चकत्या रबरी असतात त्या त्यासाठीच. पण त्या दणक्यासरशी अर्धा हॉल जमिनीवर आडवा झाला. एक बाप तर दोन्ही मुलांना अंगाखाली घेऊन कितीतरी वेळ उठलाच नाही. तेव्हापासून ती वजन हातानेच उतरवत होती.

हलक्या वजनाला हे जमायचं. शंभर किलो डोक्यावर नेता येतात, हळू खाली आणता येत नाहीत; आणायला जावं तर कंबर तरी जाते नाहीतर खांदा. आणि आज नेमके शंभरच हवे होते. जागतिक स्पर्धेचं विमान परवा सुटणार होतं. संध्याकाळपर्यंत शंभर किलोचा आजचा व्हिडिओ आला नाही तर तुझ्या जागी दुसरी, असं संघटनेने सरळ कळवलं होतं.

"मग टाक की," पलीकडच्या मॅटवरून आवाज आला.

बोलणारी बाई बसची कंडक्टर होती. आता तिची बसही राहिली नव्हती आणि रस्ताही, पण अख्खा हॉल तिच्याच हुकमात चालायचा. संडासाची रांगसुद्धा तीच लावायची.

"पोरं घाबरतात हो, मावशी."

"आधी सांगून मग टाकलंस तर नाही घाबरणार. अचानक ब्रेक मारला तर पॅसेंजर पडतात. आधी ओरडलं की धरून बसतात."

तिने पोरांना उठवून भिंतीशी ओळीने बसवलं. "कान झाका. ही आता वजन टाकणार. पडलं की सगळ्यांनी एकदम ओरडायचं, 'पडलं!' जो आधी ओरडेल त्याला पुढच्या स्टॉपला उतरवीन."

"ही एवढीशी उचलणार?" एका मुलीने विचारलं.

"कधी मुंगी बघितली नाहीस का?"

बारकीने आधी हलकं वजन टाकलं. दोन पोरं रडली, एका म्हाताऱ्याने उशी डोक्यावर घेतली. दुसऱ्यांदा कोणी रडलं नाही. तिसऱ्यांदा सगळी भिंत 'पडलं!' म्हणून ओरडली आणि हसायला लागली. मागे बसलेल्या त्या बापाने ओरडण्यापुरते ओठ हलवलेले बारकीने पाहिले.

सरांनी शंभर किलो चढवले आणि मोबाईल समोर धरला. "दोन्ही पाय एका रेषेत आण, स्थिर राहा. मी 'खाली' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आधी सोडलंस तर मेहनत पाण्यात."

"माहितीये."

दांडा छातीवर आला. ती उठली, एक श्वास घेतला, गुडघे किंचित वाकवले आणि दांडा वर फेकून त्याच्याखाली शिरली. कोपरं ताठ झाली. एक पाय पुढे, एक मागे. वजन पेललं होतं. आता फक्त पाय जुळवायचे होते.

धप्प.

आवाज बाहेरून आला, नदीच्या बाजूने. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"पड...!" दोन-तीन पोरं ओरडली आणि मध्येच थांबली. सगळ्या ओळीने दांड्याकडे पाहिलं. दांडा वरच होता.

बारकीने पोरांची तोंडं पाहिली आणि दांडा सोडून दिला.

"पडलं!" भिंत ओरडली.

"मी सगळ्यांच्या आधी ओळखलं!" ती मुलगी टाळ्या पिटत म्हणाली.

"लबाड. पुढच्या स्टॉपला उतर तू," कंडक्टरबाई म्हणाली. तिची नजर मात्र खिडकीवर होती.

सरांनी मोबाईल खाली केला. "मी 'खाली' म्हटलं नव्हतं."

"माहितीये, सर."

सरांनी व्हिडिओ पुसून टाकला. "बस जरा. अजून उजेड आहे, दम घेऊन एकदा बघू. एकदाच जमेल, त्यापेक्षा जास्त तुझ्यात आज उरलेलं नाही."

ती बाकाकडे वळली तोच बाहेर दुसरा आवाज झाला. आधीपेक्षा जवळ.

या वेळी कोणीच ओरडलं नाही. पोरांनी चौथऱ्याकडे पाहिलं. दांडा फळ्यांवर पडलेला होता आणि त्याच्याजवळ कोणीही नव्हतं. त्या मुलीचे हात हळूच कानांवरून खाली आले. मागच्या बापाने मुलांना जवळ ओढलं.

बारकीने हात पांढऱ्या पावडरीत बुडवले.

"अगं, बस म्हटलं ना!"

"चकत्या कमी करा, सर," ती दांड्याकडे जात म्हणाली. "उचलायचं नंतर बघू. आधी टाकू दे."