करपलेले टोमॅटो

बायको गेल्यावर होरेस पहिल्यांदाच चर्चच्या रविवारच्या, घरोघरून पदार्थ आणायच्या पंगतीला स्वतः रांधून घेऊन आला. तिच्या वाफ्यात यंदा आपोआप उगवलेले टोमॅटो, वर लोणी आणि पावाचा चुरा घालून ओव्हनमध्ये भाजलेले. वरचा थर पार करपला होता. लोक भांड्यात डोकावत आणि शेजारच्या भाजीकडे वळत. होरेस लांबून बघत होता.

त्याच्या शेजारी राहणाऱ्या लर्लीनबाईंनी मात्र दोनदा वाढून घेतलं आणि तळही खरवडून खाल्ला. मग त्या थेट त्याच्याकडे आल्या.

"मीठ फार झालंय. साखर विसरलात. वर नुसता कोळसा!"

"मग संपवलंत कशाला?"

"उरलं असतं, तर पुढच्या रविवारी तुम्ही आलाच नसतात."