तोंड वर्गाकडे

"फळ्याशी काय गप्पा मारताय? मुलं इकडे बसलीत."

नव्या बाईंच्या हातातला खडू थबकला. चौथीचा वर्ग खुसखुसला. पुढच्या कोपऱ्यात, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी खरडलं.

शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजानं नव्या बाईंना सहा आठवड्यांच्या सरावासाठी या शाळेत धाडलं होतं. आधीच्या शाळेत त्या शेवटच्या पाठाला नापास झाल्या होत्या. आता घसरल्या, तर शिक्षिका होण्याचं दार कायमचं बंद. आणि नेमक्या वाट्याला आल्या होत्या चौथीला शिकवणाऱ्या या मोठ्या बाई.

त्यांचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आधी वळायचं, मग बोलायचं. शब्द सुटे, सावकाश. एका वेळी एकच मूल बोलणार, तेही उभं राहून, मान वर करून.

"मी आता घरीसुद्धा तोलूनमापून बोलायला लागलेय," नव्या बाई बहिणीला म्हणाल्या.

"बरंच झालं. आजवर तुझं निम्मं बोलणं आम्हाला कळतच नव्हतं."

"हस तू. आखडू किती आहेत गं त्या. व्हरांड्यात हाक मारली, तर वळून बघतील तर शपथ."

"शिकवतात कशा, ते सांग."

"तसं शिकवणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही."

खरंच होतं ते. मोठ्या बाई उभ्या राहिल्या, की वाऱ्यानं पीक एका अंगाला झुकावं तसा सगळा वर्ग त्यांच्याकडे झुके. प्रश्न टाकून त्या थांबत. माळेतला एकेक मणी सरकावा तशी नजर एकेका चेहऱ्यावरून सरके. तिसऱ्या बाकावरची बुजरी मुलगी ओठातल्या ओठात पुटपुटली, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचे. "सतरा म्हणालीस ना? बरोबर. उभी राहा, सगळ्यांना सांग." त्याच बाकाशेजारी उभ्या असलेल्या नव्या बाईंच्या कानी एक अक्षर पडलेलं नसे.

शेवटच्या पाठाला कॉलेजचे सर आले. नव्या बाईंनी फळ्यावर भाकरीएवढा गोल काढला, चार भाग केले, वळल्या आणि मग विचारलं, "यातला एक भाग म्हणजे किती?"

कुणीच बोलेना. सरांनी घड्याळ पाहिलं. तरी नव्या बाई थांबल्या. नजर सरकत तिसऱ्या बाकावर आली. तिथं ओठ किंचित हलले.

"पाव म्हणालीस ना? उभी राहा बाळा."

ती उभी राहिली, मान वर करून.

"पास," सर व्हरांड्यात म्हणाले. "मोठ्या बाईंच्या हाताखालची प्रत्येक मुलगी अशीच तयार होऊन येते. त्यांचे नियम आता आम्ही कॉलेजातच शिकवतो."

नव्या बाई धावतच वर्गात आल्या. मोठ्या बाई फळा पुसत होत्या.

"बाई, पास झाले मी."

फळा पुसणं चालूच.

"बाई, तुमच्यामुळे झाले."

पाठ वळली नाही. इतकं काय चुकलं होतं नव्या बाईंचं?

दप्तर भरणाऱ्या बुजऱ्या मुलीनं त्यांचा हात हळूच ओढला.

"त्यांच्यासमोर जाऊन सांगा," ती म्हणाली. "आमच्या बाईंना ऐकू येत नाही."