आकाश नसलेले फोटो

"काका, यात आकाश कुठाय?" मॅडमनी विचारलं.

काकांनी कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ तोंड नेलं. "आकाश नकोच होतं मला."

निसर्गचित्रणाच्या वर्गाचा पाचवा आठवडा होता. सहा जणांनी नाव घातलं होतं, उरले एकटे काका. लिफ्ट दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेलेली, गुडघे कामातून गेलेले आणि गळ्यात कोरा करकरीत कॅमेरा. मॅडमच्या स्टुडिओत तसंही पासपोर्ट फोटोपलीकडे कुणी येत नव्हतं. हा वर्ग चालला असता तर मॅडमना जरा उभारी आली असती. आता त्यांना वाटायला लागलं होतं, की आपल्याला शिकवता येत नाही आणि या माणसाला शिकता येत नाही.

काका रोज नदीपलीकडच्या डोंगराची एकच उतरण टिपायचे. तीही भर दुपारी.

"सकाळी जा हो. कोवळं ऊन असतं, सावल्या छान पडतात."

"सावलीत काही दिसत नाही," काका म्हणाले.

पुढे एखादं झाड घ्या, एखादी पायवाट घ्या, नजरेला आत शिरायला जागा द्या, असं मॅडम सांगून दमल्या. काका मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच आणायचे. या कडेपासून त्या कडेपर्यंत झुडपं, दगड, पुन्हा झुडपं. डायरीत प्रत्येक फोटोचा नंबर. डावीकडून उजवीकडे, वरून खाली.

प्रश्न मात्र नेमके असायचे. फोटो किती मोठा केला की फुटतो? लांबचं जवळ आणणारी लेन्स भाड्याने मिळेल का?

"घरी कुणाला दाखवता का फोटो?" मॅडमनी एकदा विचारलं.

"सध्या एकटाच असतो."

मॅडमनी पुढचा फोटो उघडला.

शुक्रवारी काकांनी कॅमेऱ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं. "घरचा कॉम्प्युटर बसलाय. हे तुमच्याकडे राहू दे. सोमवारी इथेच बघेन म्हणतो."

रविवारी मॅडमनी कार्ड उघडलं. तीनशे बारा फोटो, एकापेक्षा एक रटाळ. बंद करणार तोच एकावर हात थांबला. ढगाची सावली उतरणीवरून निम्मी सरकली होती आणि उरलेला डोंगर उन्हात न्हाला होता. काकांच्या नकळत जमून गेलेला फोटो. कित्येक महिन्यांत प्रथमच मॅडमनी मन लावून काम केलं. फोटो सरळ केला, रंग उजळले, प्रिंट काढून फ्रेम केली आणि ग्रंथालयातल्या प्रदर्शनासाठी काकांचं नावही देऊन टाकलं.

सोमवारी काका फ्रेमसमोर नुसते उभे राहिले.

"माझा आहे हा?"

"तुमचाच. शिकलात की नाही शेवटी?"

काकांनी काचेवर बोट टेकवलं. बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे गेलं, मग थोडं खाली, पुन्हा डावीकडून. माणूस भारावलाय, असं मॅडमना वाटलं.

"थोडी साफसफाई केली बरं का," त्या म्हणाल्या. "एका झुडपात काहीतरी निळं अडकलं होतं. प्लास्टिकची पिशवी असणार. डोळ्याला खुपत होती, काढून टाकली."

काकांचं बोट थांबलं.

"मूळ फोटो आहे?"

"आहे ना."

"दाखवा. ते निळं मोठं करा."

मॅडमनी मोठं केलं. आणखी मोठं केलं. फोटो फुटायच्या आत त्यांचा हात आपोआप थांबला. पिशवीला बाही नसते.

काकांनी खुर्ची ओढली आणि गुडघे धरून सावकाश बसले.

"चौदा महिने हिला शोधतोय," ते म्हणाले. "घराचा रस्ता विसरायची. त्या सकाळी थंडी होती, म्हणून तिला स्वेटर मीच घातला होता."