दोघींना सारखं

ओगवेनो सरांनी फळा पुसला, आणि पुसता पुसताच त्यांना जाणवलं की हे प्रकरण आपल्याला जड जाणार.

समोरच्या बाकावर जुळ्या बहिणींची आई बसली होती. सरोवराच्या काठी मासळी वाळत घालून ती तशीच शाळेत आली होती, आणि हातांचा वास जावा म्हणून ते पुन्हा पुन्हा कमरेच्या कापडाला पुसत होती. तिच्या एका बाजूला अपियो, दुसऱ्या बाजूला अडोंगो. वर्गातली बाकीची पोरं केव्हाच घरी पळाली होती.

सरांचं मागणं एवढंच होतं, की अडोंगोला गणिताच्या तासाला सातवीत बसू द्यावं. पाचवीचं पुस्तक तिनं कधीच संपवलं होतं, आणि आता ती तासभर खिडकीतून बाहेरच्या कोंबड्या बघत बसायची. तिची बुद्धी अशी गंजत चाललेली सरांना बघवत नव्हती. ते हेडमास्तरांच्या मागेच लागले. हेडमास्तरांनी आधी झटकून टाकलं. साऱ्या देशातल्या पाचवीला एक पुस्तक, एक परीक्षा. साहेब तपासणीला आले की सगळ्यांचं पान एकच हवं. मागे राहिलेलं पोर त्यांना खुपतं, तसंच पुढे गेलेलंही. शेवटी कंटाळून ते म्हणाले, आईची हरकत नसेल तर मी डोळेझाक करतो. सरांना वाटलं, जिंकलो. पोरगी पुढे जाते म्हटल्यावर कोणती आई नाही म्हणेल? माणूस शिकला की असा गाफील राहतो.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि अपियो?”

अपियो पाचवीतच राहील, तिला अजून अपूर्णांक जमत नाहीत, पण त्यात तिचा काही दोष नाही, असं सरांनी जपून सांगितलं.

“सर, तुम्ही इथलेच ना?” आई म्हणाली. “मग जुळ्यांचं मी तुम्हाला काय सांगू? एकीला फ्रॉक शिवला की दुसरीला त्याच कापडाचा. एकीला ताप आला तरी औषध दोघींच्या तोंडात. एकीच्या ताटात मासा आणि दुसरीच्या ताटात काटे, असं मी आजवर केलं नाही. डावललेलं जुळं रुसतं, सर, आणि निघून जातं. माझ्या बहिणीचं गेलं. माती मीच लोटली.”

सरांना हे ठाऊक होतं. त्यांच्या आजीनंही हेच सांगितलं असतं. साहेब म्हणत होते सगळ्यांना सारखं, आई म्हणत होती दोघींना सारखं, आणि मनानं वाईट कुणीच नव्हतं. भांडायचं तरी कुणाशी?

तरी बुडत्याला काडीचा आधार. आईनं एकदा डोळ्यांनी पाहिलं तर कदाचित विरघळेल, म्हणून त्यांनी सातवीतलं एक गणित फळ्यावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

“अडोंगो, एका नळानं टाकी तीन तासांत भरते, दुसऱ्यानं सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल?”

अडोंगोचे ओठ किंचित हलले आणि थांबले. ओठ थांबले की उत्तर तयार असतं, हे सरांनी वर्षभर पाहिलं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण ती बोलेना. ती आईच्या पलीकडे बसलेल्या बहिणीकडे बघत होती. अपियो बोटांवर काहीतरी मांडत होती. जरा वेळानं तिनं बोटं मिटून घेतली.

“सांग की गं,” अपियो हळूच म्हणाली. “तुला आलंय.”

“तुला आलं?”

अपियोनं नाही म्हणून मान हलवली.

अडोंगो सरांकडे वळली.

“मग मलापण नाही येत, सर.”