दीपगृहाखालचं फडकं

तीस वर्षं पर्यटकांची बस चालवून निवृत्त झालेले काका अखेर काकूंबरोबर स्वतः सहलीला निघाले. आठवडाभर जहाजातून फिरले, मग बसमध्ये बसले आणि जुनी खोड जागी झाली. प्रत्येक थांब्यावर मंडळी उतरली, की हे आपले फडकं घेऊन काचा पुसत बसत. दीपगृहापाशी काकू कडाडल्या, “सहलीला नवरा आणलाय मी, क्लीनर नाही! चला वर!” काका इरेला पेटले. गुडघे कुरकुरत होते, तरी दोनशे पायऱ्या चढूनच थांबले. वरून अख्खा किनारा त्यांनी डोळे भरून पाहिला. मग खाली बस दिसली. ड्रायव्हर एकटाच काच पुसत होता. काका तडक उतरले. “काका, वरून कसं दिसतं?” त्यानं विचारलं. “एकोणीस वर्षं मी खालूनच बघतोय.” काकांनी त्याच्या हातातलं फडकं हिसकावलं. “जा, बघून ये. बस मी सांभाळतो.”