नेस्टाचा पाहुणचार

"चहा मीच केलाय हो," माझी थोरली बहीण नेस्टा तपासणीला आलेल्या सरकारी बाईंना म्हणाली आणि मी कपाळाला हात लावला. संधिवातानं तिची बोटं इतकी वाकलीत, की तिला किटली उचलवत नाही. चहा मी केला होता. नवे नियम आल्यापासून वेल्समधल्या आमच्या मर्थर गावात अपंग भत्त्यासाठी घरोघर फेरतपासणी चालू होती, पण परक्यासमोर रडगाणं गाणं आमच्यात कुणालाच जमत नाही. महिन्याभरानं पत्र आलं: स्वतः चहा करतात, भत्ता बंद. मी भडकले, "झालं समाधान? आता अपील करू. पुन्हा कुणी आलं, तर खरं सांगायचं, कळलं?" "कळलं गं बाई." पत्र पाकिटात घालणं तिला तीनदा जमलं नाही, तेव्हा तिनं ते माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी बिस्किटं नव्हती, लाजच वाटली. या वेळी आणून ठेव."